रायपूरमध्ये ज्येष्ठांसाठी देखभाल गृह निवडताना: सेवेचा दर्जा कसा पारखावा?

घरातील ज्येष्ठ व्यक्तीला पक्षाघात झाला, खुब्याचे हाड मोडले किंवा विस्मरणाचा आजार वाढला की रुग्णालयातून सुट्टी मिळताना प्रश्न उभा राहतो: आता यांची काळजी कोण घेणार? घरी माणूसबळ नसेल तर निवासी देखभाल गृहाचा विचार करावा लागतो. असे गृह कसे पारखावे, कोणत्या सरकारी योजनेचा आधार मिळतो आणि सेवा वाईट निघाली तर कुठे जावे, याची माहिती या लेखात दिली आहे. रायपूर जिल्ह्यातील मराठी भाषक कुटुंबांच्या अडचणी लक्षात घेऊन तो लिहिला आहे.

थोडक्यात

- गृहाचा दर्जा तिथल्या सर्वांत परावलंबी रहिवाशावरून ठरवा. जो स्वतः उठू शकत नाही, पाणी मागू शकत नाही, त्याची अवस्था पाहा.
- आयुष्मान कार्डाने रुग्णालयातील उपचाराचा खर्च भागतो, देखभाल गृहातील मुक्कामाचा नाही.
- माहिती व तक्रारीसाठी ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइन १४५६७ वर विनाशुल्क फोन करा.

आधी संस्थेचा प्रकार ओळखा

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे बहुधा लहान खासगी रुग्णालय. तिथे काही दिवस उपचार होतात, महिनोन्‌महिने राहण्याची सोय नसते. ‘रिहॅब सेंटर’ ही पाटी तर पुष्कळदा व्यसनमुक्ती केंद्रावर असते. म्हणून नावावर जाऊ नका. आपल्या माणसाची गरज कोणती, ते आधी ठरवा.

- वृद्धाश्रम: हिंडत्याफिरत्या, निराधार ज्येष्ठांसाठी निवास आणि भोजन. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान एक, १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतूनही स्वयंसेवी संस्थांना अशा गृहांसाठी अनुदान मिळते.
- सतत देखभाल गृह: अंथरुणाला खिळलेल्या किंवा विस्मरणाच्या आजाराने ग्रस्त ज्येष्ठांसाठी. याच योजनेत किमान २० जणांच्या अशा गृहाला अनुदानाची सोय आहे.
- प्रशामक देखरेख गृह: गंभीर आजारामुळे अंथरुणावरच असलेल्या ज्येष्ठांसाठी छत्तीसगडचा समाजकल्याण विभाग रायपूरसह काही जिल्ह्यांत अशी गृहे चालवतो.
- पुनर्वसन उपचार: चालणे, उठणे-बसणे, बोलणे पुन्हा शिकवणारे उपचार. यासाठी नेहमी निवासी गृह लागतेच असे नाही. टाटीबंध येथील एम्समध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. कृत्रिम हातपाय व कॅलिपरसाठी माना कॅम्प येथे समाजकल्याण विभागाचे फिजिकल रेफरल रिहॅबिलिटेशन सेंटर आहे.

चालू शकणाऱ्यांसाठीच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेला रुग्ण ठेवला तर सेवकांची इच्छा असूनही त्याची नीट काळजी घेतली जात नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: “आमच्यासारखे किती रुग्ण आत्ता तुमच्याकडे आहेत?”

भेट कशी द्यावी

किमान दोनदा जा. एकदा वेळ ठरवून आणि एकदा न कळवता, शक्यतो संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास. त्या वेळी दिवसपाळीचे लोक घरी निघालेले असतात आणि खरे मनुष्यबळ दिसते. इतर रहिवाशांच्या खोलीत जाण्याआधी परवानगी घ्या, त्यांचे फोटो काढू नका.

१. कातडी आणि कूस बदलणे. जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते. नाहीतर माकडहाड, खुबे आणि टाचा येथे दाबामुळे जखमा होतात. हवेची गादी असली तरी वळवणे चुकत नाही. पलंगाजवळ कूस बदलल्याच्या नोंदीचा तक्ता आहे का ते पाहा. आठवडाभराच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात असतील तर त्या एकाच वेळी बसून भरल्या असण्याची शक्यता असते.

एखाद्या रहिवाशाला जखम आहे एवढ्यावरून गृह वाईट ठरत नाही. पुष्कळ रुग्ण रुग्णालयातून किंवा घरून येतानाच जखम घेऊन येतात. विचारायचे ते असे: जखम इथे झाली की येतानाच होती? ती भरते आहे की वाढते आहे? त्याची नोंद कुठे आहे?

२. पाणी आणि अन्न. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. ज्याला हात हलवता येत नाही त्याच्या उशाशी भरलेला पेला असून उपयोग नाही. पाणी कोण आणि किती वेळा पाजतो ते विचारा. कूलर चालू आहे का, वीज गेल्यावर काय सोय आहे, तेही पाहा. गिळायला त्रास होणाऱ्याला किंवा नाकातल्या नळीने अन्न घेणाऱ्याला आडवे ठेवून भरवू नये. भरवताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास पाठ उंच हवी, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊ शकते. रहिवाशांचे वजन दरमहा होते का? वजन सतत घटत असेल तर खाणे नीट पोटात जात नाही हे कळते.

३. औषधे. प्रत्येक रहिवाशाची औषधे वेगळी, नाव घालून ठेवलेली असावीत. कोणती गोळी कधी दिली याची नोंद असावी. ती देणारी परिचारिका नोंदणीकृत आहे का ते विचारा. आया आणि केअरटेकर मन लावून काम करतात, पण इन्सुलिन, लघवीची नळी आणि जखमेची मलमपट्टी यासाठी प्रशिक्षित परिचारिका हवी. दिवसभर सगळेच रहिवासी गुंगीत दिसले तर झोपेची औषधे कोणाच्या सल्ल्याने दिली जातात, हे स्पष्ट विचारा.

४. हालचाल. ‘फिजिओथेरपी उपलब्ध’ ही पाटी पुरेशी नाही. आठवड्यातून किती दिवस, किती वेळ आणि कोण करतो? महिनाभरात काय साधायचे ठरले आहे: पलंगावर बसणे, आधाराने उभे राहणे की संडासापर्यंत चालणे? रहिवाशांना पलंगाला किंवा खुर्चीला बांधून ठेवलेले दिसले तर तिथेच थांबा आणि कारण विचारा. ‘पडतात म्हणून बांधतो’ हे उत्तर पुरेसे नाही.

५. रात्र. रात्री किती रहिवाशांमागे किती माणसे जागी असतात? घंटा हाताशी आहे का? ती वाजवून पाहा आणि किती मिनिटांत कोण येते ते मोजा. रात्री प्रकृती बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेतात, घरच्यांना कधी कळवतात?

६. पडल्याची नोंदवही. मागच्या तीन महिन्यांत किती जण पडले, असे विचारा. ‘आमच्याकडे कोणीच पडत नाही’ असे सांगणाऱ्या गृहापेक्षा नोंदवही दाखवून ‘दोघे पडले, मग आम्ही संडासात दांडी बसवली’ असे सांगणारे गृह अधिक भरवशाचे.

मराठी बोलणाऱ्या ज्येष्ठांसाठी

तात्यापारा किंवा चौबे कॉलनीत पन्नास वर्षे हिंदीत व्यवहार केलेली व्यक्तीही पक्षाघातानंतर किंवा विस्मरणाच्या आजारात मातृभाषेकडे वळू शकते. सेवक बहुधा हिंदी किंवा छत्तीसगडी बोलणारे असतात. “दुखतंय”, “तहान लागली”, “शू लागली”, “मळमळतंय”, “गरगरतंय” हे शब्द त्यांना कळले नाहीत तर वेदना कळवण्याचा मार्गच बंद होतो. आजी चिडचिड करतात, अशी नोंद होते आणि दुखणे मागे राहते.

दाखल करताना असे पंधरा-वीस शब्द आणि त्यांचा हिंदी अर्थ मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून पलंगाजवळ लावा. त्यांना घरी काय म्हणून हाक मारतात, काय खात नाहीत, कोणता उपवास करतात, चष्मा आणि कानाचे यंत्र कुठे ठेवतात, हेही लिहा. जे गृह असा कागद आपणहून मागते, तिथे माणसाकडे लक्ष आहे असे समजा.

कागदपत्रे आणि पैसे

- वैद्यकीय सेवा देणाऱ्या संस्थेला छत्तीसगडमध्ये २०१० च्या उपचर्यागृह अनुज्ञापन कायद्याखाली परवाना लागतो. परवाना पाहा. शंका असल्यास मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी कार्यालयात चौकशी करा.
- शुल्कात काय येते आणि काय वेगळे लागते (डायपर, औषधे, फिजिओथेरपी, रात्रीची आया) ते लेखी घ्या. अनामत रक्कम परत मिळण्याची अटही लेखी हवी.
- एटीएम कार्ड, पासबुक, मूळ आधार कार्ड किंवा सही केलेले कोरे धनादेश गृहाकडे देऊ नका. पेन्शन ज्येष्ठांच्या स्वतःच्या खात्यातच राहू द्या.
- घर किंवा जमीन संस्थेच्या वा कोणाच्या नावे करण्याच्या कागदावर घाईने सही करू नका. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळले नाही, तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र ती अट कागदात लिहिलेली असणे महत्त्वाचे.

कोणती योजना कुठे कामी येते

- आयुष्मान भारत: २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार त्यातून होतात. सुट्टीनंतरच्या १५ दिवसांपर्यंतच्या औषधोपचाराचाही त्यात समावेश आहे, म्हणून निघताना औषधे मागून घ्या. चौकशी: १४५५५.
- राष्ट्रीय वयोश्री योजना: ६० वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्या ज्येष्ठांना व्हीलचेअर, वॉकर, काठी, कानाचे यंत्र, चष्मा, कवळी यांसारखी साधने मोफत मिळतात.
- इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन: दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी. केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी दरमहा २०० रुपये आणि ८० पासून ५०० रुपये. राज्य सरकार त्यात भर घालते.
- सियान जतन क्लिनिक: राज्याच्या आयुष संस्थांमध्ये ज्येष्ठांसाठी दर गुरुवारी तपासणी.

मुलगा किंवा मुलगी खर्च देत नसेल तर

उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ज्येष्ठ व्यक्ती स्वतः जाऊ शकत नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो, अपवादात्मक स्थितीत आणखी ३० दिवस. कायद्यानुसार कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये. मूलबाळ नसेल तर मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारशाने मिळणार आहे, त्या नातेवाइकाकडूनही निर्वाह मागता येतो.

दाखल केल्यानंतर

पहिल्या दिवशी गृहाच्या सेवकासमोर पाठ, माकडहाड आणि टाचा पाहून नोंद करा, वजन लिहून घ्या. म्हणजे पुढे वाद होत नाही. पहिला महिना वेगवेगळ्या वेळी भेट द्या. भेटीत पांघरूण सारून टाचा पाहा, ओठ कोरडे आहेत का पाहा, नखे पाहा. लाल झालेल्या जागी हलके दाबून बोट काढल्यावर लाली कायम राहिली तर ती जखमेची सुरुवात समजा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे जागा अधिक काळपट, गरम किंवा कडक लागते. तेव्हाच परिचारिकेला दाखवा आणि नोंद मागा.

तक्रार कुठे करावी

१. आधी गृहाच्या व्यवस्थापकाकडे लेखी द्या, पोच घ्या.
२. ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइन १४५६७ (रोज सकाळी ८ ते रात्री ८).
३. जिल्हा समाजकल्याण कार्यालय. उपचारातील त्रुटीसाठी मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी.
४. शुल्क घेऊन सेवा न दिल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५ किंवा जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.
५. मोफत कायदेशीर मदत: १५१००. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही.
६. मारहाण, कोंडून ठेवणे किंवा जिवाला धोका: ११२. रुग्णवाहिका: १०८.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तक्रार केली तर आईला त्रास देतील का?
ही भीती खरी आहे. म्हणून तक्रार करण्याआधी पर्यायी जागेची चौकशी करून ठेवा आणि हेल्पलाइनवर बोलताना ही भीती सांगा. जखम किंवा इजा असेल तर आधी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. त्या कागदाने तक्रारीला बळ मिळते.

महागडे गृह म्हणजे चांगली सेवा का?
तसे नाही. वातानुकूलित खोलीतही दोन तासांनी कूस बदलणारा माणूस लागतोच. साध्या खोलीत तो असेल तर ती खोली अधिक चांगली.

ज्येष्ठ व्यक्तीची इच्छा नसेल तर?
त्यांना भेटीला सोबत न्या, शक्य असल्यास काही दिवस राहून पाहू द्या. बोलता येत नसेल तरी विचारा. मान हलवून, हात दाबून उत्तर देता येते, आणि राहायचे त्यांना आहे.