नोटेवरचे गाव : मुलांसह शरदातील दोन दिवसांची सहल

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे महिने. पाऊस ओसरलेला असतो, आकाश निवळलेले असते आणि नद्या-तलाव अजून भरलेले असतात. हवामान विभागाच्या सर्वसाधारण वेळापत्रकानुसार नैर्ऋत्य मोसमी वारे १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून माघारी फिरू लागतात आणि १५ ऑक्टोबरच्या सुमारास संपूर्ण देशातून परततात. त्यानंतरचे सहा-सात आठवडे देशाच्या बहुतेक भागांत मुलांसह प्रवासाला अनुकूल असतात. मे महिन्यातील काहिली नसते आणि डिसेंबरअखेरची गर्दीही अद्याप सुरू झालेली नसते.

असे असूनही अनेक घरांत हा ऋतू ‘पुढच्या शनिवारी बघू’ असे म्हणता म्हणताच निघून जातो. मोठ्या सुटीतील प्रवासाचे नियोजन आपण चार महिने आधीपासून करतो. परंतु दोन दिवसांच्या सहलीलाही नियोजन लागते, हे सहसा ध्यानात येत नाही. किंबहुना वेळ थोडा असल्याने तिला ते अधिकच लागते. या नियोजनाची एक सोपी आणि मुलांना आवडेल अशी पद्धत या लेखात मांडली आहे.

हिशेब मोजक्या शनिवारांचा

१ सप्टेंबर २०१५ पासून महिन्याचा दुसरा व चौथा शनिवार बँकांना सुटी असते. म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून असे चार शनिवार हाती येतात. मूल सहा वर्षांचे झाले की ते नव्या जागेचा आनंद समजून घेऊ लागते आणि चौदाव्या वर्षानंतर त्याचे शिकवणीवर्ग, मित्रमंडळी व परीक्षा यांचे स्वतंत्र वेळापत्रक सुरू होते. मधली वर्षे आठ. आठ गुणिले चार म्हणजे बत्तीस शनिवार. त्यांतून दिवाळीची तयारी, सहामाही परीक्षा, घरातील कार्ये, आजारपणे आणि आपल्या बदल्या वजा केल्या तर शिल्लक किती राहते, हे प्रत्येकाने आपापल्या घरापुरते मांडून पाहावे. ही शिल्लक पुढील वर्षी ओढता येत नाही आणि तिच्यावर व्याजही मिळत नाही. सहलीचा बेत लांबणीवर टाकण्यापूर्वी एवढा विचार पुरेसा आहे.

स्थळनिवड : खिशातील भूगोल

‘कोठे जायचे?’ या प्रश्नावरच निम्मे बेत मोडतात. प्रत्येकाचे मत निराळे आणि पर्याय असंख्य. अशा वेळी निवडीला एखादी चौकट घालून घेतली की काम सोपे होते. आम्हा बँक कर्मचाऱ्यांच्या हातून रोज जाणारी चौकट म्हणजे चलनी नोटांची. महात्मा गांधी नवीन मालिकेतील नोटांच्या मागील बाजूस आपल्या देशातील वारसास्थळे छापलेली आहेत. दहाच्या नोटेवर ओडिशातील कोणार्कचे सूर्यमंदिर, वीसच्या नोटेवर महाराष्ट्रातील वेरूळची लेणी, पन्नासच्या नोटेवर कर्नाटकातील हंपीचा दगडी रथ, शंभरच्या नोटेवर गुजरातमधील पाटणची ‘राणी की वाव’, दोनशेच्या नोटेवर मध्य प्रदेशातील सांचीचा स्तूप आणि पाचशेच्या नोटेवर दिल्लीचा लाल किल्ला. ही सहाही स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

आता व्यवहार बहुतांशी मोबाइलवरून होतात, त्यामुळे अनेक मुलांनी नोट निरखून पाहिलेलीच नसते. एखाद्या संध्याकाळी या सहा नोटा जेवणाच्या टेबलावर मांडाव्यात, शेजारी भारताचा नकाशा ठेवावा आणि प्रत्येक स्थळ मुलांकडूनच शोधून घ्यावे. नोटेच्या मागील बाजूवरील भाषापट्टीत पंधरा भाषांत मूल्य लिहिलेले असते. त्यात मराठी कोठे आहे आणि आपण जेथे जाणार त्या राज्याची भाषा कोणती, हे ओळखण्याचा खेळ लहान मुलांनाही जमतो. आपल्यापैकी जी कुटुंबे बदलीनिमित्त परप्रांतात राहतात त्यांच्या मुलांना तर ही भाषापट्टी विशेष जवळची वाटेल.

यानंतर आपल्या गावापासून एका रात्रीच्या प्रवासात कोणते स्थळ येते, ते पाहावे. अहमदाबादच्या कुटुंबाला पाटण सोयीचे. तेथील अकराव्या शतकातील वाव राणी उदयमतीने राजा भीमदेव पहिला याच्या स्मरणार्थ बांधली. मोढेऱ्याचे सूर्यमंदिरही तेथून जवळ आहे. बेंगळुरूच्या कुटुंबाने रात्रीच्या गाडीने होसपेटला उतरावे; हंपी तेथून सुमारे १३ किलोमीटर आहे. भुवनेश्वरकरांना कोणार्क एका दिवसातही करता येते. मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ असल्याने निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज अवश्य पाहावा. महाराष्ट्रातील वाचकांना वेरूळ आहेच. तेथील लेणी मंगळवारी, तर लाल किल्ला सोमवारी बंद असतो. शनिवार-रविवारच्या सहलीला दोहोंची अडचण नाही. दिल्लीतील हवा नोव्हेंबरमध्ये बरीच बिघडते, म्हणून लाल किल्ल्याचा बेत ऑक्टोबरमध्येच आखलेला बरा.

एक उदाहरण : दोनशेच्या नोटेवरील सांची

नियोजन प्रत्यक्षात कसे उतरते, हे सांचीच्या उदाहरणावरून पाहू. मुंबई, नागपूर किंवा दिल्लीहून शुक्रवारी रात्री निघाल्यास शनिवारी सकाळी भोपाळला पोहोचता येते. मुक्काम दोन्ही दिवस भोपाळमध्येच ठेवावा. मुलांबरोबर रोज सामान बांधणे व सोडणे यातच सहलीचा उत्साह संपतो.

सांची भोपाळपासून सुमारे ४६ किलोमीटर आहे. भोपाळ-विदिशा मार्गावर सांचीच्या अलीकडे कर्कवृत्त रस्त्याला छेदून जाते आणि त्या ठिकाणी तशी खूण केलेली आहे. भूगोलाच्या पुस्तकातील तुटक रेषेवर एक पाय अलीकडे आणि एक पाय पलीकडे ठेवून उभे राहण्याची गंमत कोणत्याही मुलाला हवीशी वाटेल. येथे गाडी अवश्य थांबवावी.

सांचीच्या मुख्य स्तूपाचा मूळ गाभा सम्राट अशोकाच्या काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील आहे. पुढे तो वाढविण्यात आला आणि सातवाहनांच्या काळात त्याला चार कोरीव तोरणे उभारली गेली. दक्षिण तोरणावरील एका लेखात राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या प्रमुखाचे नाव आहे. ज्या सातवाहनांची राजधानी आपले पैठण होती, तेच हे घराणे. त्याच तोरणावरील दुसरा लेख सांगतो, की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केले. हस्तिदंतावर चालणारा नाजूक हात दगडावर कसा चालला, हे मुलांना जवळून पाहू द्यावे.

तोरणांवर बुद्धाची मानवी आकृती दाखविलेली नाही. बोधिवृक्ष, धर्मचक्र, पाऊलखुणा किंवा रिकामे आसन यांच्या रूपाने त्याचे अस्तित्व सूचित केले आहे. ‘बुद्ध कोठे आहे ते शोधा’ असे सांगितले की मुले तासभर रमतात आणि वडीलधाऱ्यांनाही व्याख्यान द्यावे लागत नाही. नोट हातात घेऊन चित्रातील बाजू नेमकी कोणत्या जागेवरून दिसते, ते शोधणे हा दुसरा खेळ.

बँकेशी नाते असलेल्या आपणा सर्वांना सांचीत आणखी एक गोष्ट भावेल. येथील कठड्यांवर आणि फरसबंदीवर शेकडो दानलेख आहेत. गृहस्थ, भिक्षू, भिक्षुणी, विणकर, व्यापारी आणि श्रेष्ठी, म्हणजे त्या काळचे सावकार, अशा अनेकांनी आपापल्या ऐपतीनुसार एखादा दगड, एखादा खांब दिला आणि त्यावर आपले नाव कोरविले. एवढी मोठी वास्तू केवळ राजाच्या खजिन्यातून उभी राहिली नाही. लहान लहान वाट्यांतून ती घडली. बचतीचा अर्थ मुलांना समजावून सांगण्यास याहून चांगली जागा मिळणे कठीण.

रविवारी भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवरील भीमबेटका पाहावे. उज्जैनचे मराठी पुरातत्त्वज्ञ पद्मश्री डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांना १९५७ मध्ये रेल्वेतून जाताना दूरवर वेगळ्याच आकाराचे खडक दिसले. त्यांचा मागोवा घेत ते तेथवर पोहोचले आणि प्रागैतिहासिक चित्रे असलेली ही शैलगृहे जगाला ज्ञात झाली. २००३ मध्ये युनेस्कोने त्यांना वारसा दर्जा दिला. खडकांवरील हरणे, गवे, हत्ती आणि शिकारी ओळखताना मुलांना चित्रकलेची वही आठवल्यावाचून राहत नाही. ती वही व रंगीत खडू सोबत ठेवावेत आणि जेवणापूर्वी अर्धा तास चित्रे काढू द्यावीत. दुपारी भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी विसावा घ्यावा आणि रात्रीच्या गाडीने परतावे. दोन दिवसांत दोनच मोठी स्थळे, हे प्रमाण पाळावे. तिसऱ्याचा मोह टाळावा.

अंदाजपत्रक मुलांच्या हाती

समजा, चौघांच्या कुटुंबाने अशा सहलीसाठी १५,००० रुपये ठरविले. त्याची विभागणी अशी करता येईल : रेल्वे ४,०००, स्थानिक वाहन ४,०००, निवास ३,५००, जेवणखाण २,०००, मुलांच्या हातखर्चासाठी ५०० आणि राखीव १,००० रुपये. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. अंतर, ऋतू व आवडीनुसार ते बदलतील. रक्कम एकदम काढणे जड वाटत असल्यास दरमहा १,५०० रुपयांची दहा महिन्यांची आवर्ती ठेव याच हेतूने सुरू करावी. डिसेंबरमध्ये प्रारंभ केल्यास शरदाच्या तोंडावर रक्कम तयार असते.

हातखर्चाचे ५०० रुपये मुलांना रोख, सुट्या नोटांत द्यावेत आणि एका छोट्या वहीत जमा-खर्च लिहावयास सांगावा. सरबत घ्यावे की चित्रपत्रे, हा निर्णय त्यांचा. पैसे पहिल्याच दिवशी संपले तर आपण वाढवून देऊ नयेत. दुसऱ्या दिवशीचा मोह आवरणे हाच त्यातील धडा. राखीव रकमेतून जे उरेल ते मुलांच्या बचत खात्यात भरावे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बँकेच्या नियमांनुसार आपले बचत खाते स्वतंत्रपणे चालविता येते. परतल्यावर वहीतील शिल्लक आणि पासबुकातील नोंद मुलाने स्वतः जुळवून पाहिली, की सहलीचा हिशेब खऱ्या अर्थाने पूर्ण होतो.

काही उपयुक्त बाबी

- रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. दिवाळीच्या मागे-पुढे जावयाचे असल्यास त्याच दिवशी तिकीट काढावे.
- पाच वर्षांखालील मुलास स्वतंत्र शायिका न घेतल्यास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी शायिका घेतल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते. अंदाजपत्रकात ते धरावे.
- भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेशशुल्क नाही. वयाचा पुरावा जवळ ठेवावा.
- ऑक्टोबरमधील दुपारचे ऊन कडक असते. स्मारके सकाळी लवकर पाहावीत. दुपारी बारा ते तीन हा वेळ जेवण व विश्रांतीसाठी राखावा. टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि ओळखीचा कोरडा खाऊ सोबत असावा.
- तामिळनाडू व लगतच्या भागात ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. तेथील वाचकांनी सहलीचा महिना त्यानुसार ठरवावा.
- सांचीत नोव्हेंबरअखेरीस चैत्यगिरी विहाराच्या वार्षिक उत्सवानिमित्त मोठी गर्दी होते. लहान मुले बरोबर असल्यास तो आठवडा वगळावा.
- आजी-आजोबा सोबत असल्यास चढ-उतार कमी असलेले स्थळ निवडावे. राणी की वाव ही अनेक पायऱ्या उतरून पाहावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक पथ्य मोठ्यांसाठी आहे. कार्यालयाचा दूरध्वनी शक्यतो त्या दोन दिवसांपुरता बंद असावा. अर्धवार्षिक हिशेब ३० सप्टेंबरला पूर्ण झालेले असतात आणि वर्षअखेरीची घाई अजून दूर असते. कामाच्या दृष्टीनेही हा काळ सहलीसाठी सोयीचा आहे.

सहलीवरून आल्यानंतर काही महिन्यांनी मुलाच्या हाती दोनशेची नोट पडेल, तेव्हा ते सहज म्हणेल, ‘येथे मी उभा होतो.’ शाळेतील इतिहास, घरातील बचत आणि आई-वडिलांबरोबर घालविलेले दोन दिवस त्या एका कागदावर एकत्र येतील. आजच दिनदर्शिका काढावी, या शरदातील दुसरा किंवा चौथा शनिवार निश्चित करावा आणि त्यावर खूण करण्याचा मान मुलांना द्यावा.