सकाळचं दूध कोणाला पचतं?

‘दूध संपव, मगच शाळेत जा,’ हा आग्रह कितीतरी घरांत रोज होतो. पण दूध प्यायल्यावर मुलाचं पोट फुगत असेल, गुडगुडत असेल, तर त्याला नखरेल म्हणू नका. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात तयार होतं आणि बालपण सरता सरता बहुतेकांत कमी होत जातं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांचं असंच असतं. हा आजार नव्हे. न फुटलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणून जुलाब. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, म्हणून वायू.

तरीही पेलाभर दुधातलं साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज अशांपैकीही बऱ्याच जणांना सोसतं, विशेषतः पोहे किंवा भाकरीसोबत. अन्नाबरोबर घेतलेलं दूध जठरातून सावकाश पुढे सरकतं. ज्यांना त्रास होतो, त्यांनी रिकाम्या पोटी घटाघटा पिणं टाळावं. दही त्याहून सोपं, कारण त्यातल्या जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं. पेलाभर दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. दूध नकोच असेल, तर नाचणी आहे.

जुलाब थांबतच नसतील, वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मात्र दुधावर खापर न फोडता डॉक्टरांना दाखवा.