मेमरी महागली आणि मायक्रोमॅक्सची आठवण झाली

मोबाइलच्या दुकानात सध्या एकच पालुपद ऐकू येतं: घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या, पुढच्या लॉटला भाव वाढणार. दुकानदारांचं हे पालुपद तसं बारमाही. दसऱ्याला कारण वेगळं, पाडव्याला वेगळं. यावेळी मात्र ते खरं निघालंय. जगातल्या रॅमचा बहुतेक धंदा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघींच्या हातात आहे, आणि तिघींनाही एआयच्या डेटा सेंटरचं बडं गिऱ्हाईक सापडलंय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशल’ हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा मेमरीचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एआयने रॅम कशी गिळली, हे तुम्ही आठवडाभर वाचतच असाल. त्यात शिरत नाही.

मला कुतूहल आहे ते यात आधी मरतो कोण, याचं. लाखाचा फोन विकणारा मेमरीची वाढ पचवून ढेकरही देत नाही. दहा हजारांच्या फोनात नफा असा पातळ, की त्याच वाढीने तो पुसून जातो. मग रॅम कमी द्या, कॅमेरा हलका घाला नाहीतर किंमत वाढवा. तिन्हींपैकी काहीही केलं तरी गिऱ्हाईक शेजारच्या काउंटरवर जातं. त्यातून टंचाईच्या काळात माल आधी मिळतो तो मोठ्या ऑर्डरवाल्याला. छोट्याने रांगेत उभं राहायचं. बाजाराने कूस बदलली की स्वस्त फोनवाला पहिला चिरडला जातो, हे आपण दहा वर्षांपूर्वी डोळ्यांदेखत पाहिलंय. मायक्रोमॅक्स आठवते ना?

गुरगावच्या चार मित्रांनी २००० साली काढलेली ही कंपनी मुळात फोनवाली नव्हतीच. आधी सॉफ्टवेअर, मग पीसीओत लागणारी बिनतारी यंत्रं. तिच्या संस्थापकांपैकी राहुल शर्मा एक किस्सा अनेकदा सांगतात. पश्चिम बंगालमध्ये बहरमपूरजवळ त्यांनी ट्रकच्या बॅटरीवर चालणारा पीसीओ पाहिला. मालक ती बॅटरी रोज रात्री दूरच्या गावी नेऊन चार्ज करून आणायचा. असे जन्मकिस्से पुढे सांगून सांगून गुळगुळीत होतात, हे मान्य. पण त्यातून निघालेला फोन खरा होता. २००८ मध्ये आलेल्या एक्स-१-आय या फोनची जाहिरात एकाच वाक्याची होती: एकदा चार्ज करा, तीस दिवस चालवा.

त्या वर्षांतलं महाराष्ट्रातलं भारनियमन ज्यांना आठवतं, त्यांना या वाक्याचं मोल समजावून सांगायला नको. खेड्यात दिवसाचा अर्धा वेळ लाइट नसायची. रात्री-अपरात्री ती आली की विहिरीवरची मोटर आधी आणि मोबाइल नंतर. एसटी स्टँडवरच्या टपरीत दहा-बारा फोन चार्जिंगला टांगलेले असत, प्रत्येकावर मालकाच्या नावाची चिठ्ठी. अशा गावात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगणाऱ्याला कोण विचारणार? पाठोपाठ दोन सिमचे फोन आले. गावात एका कंपनीची रेंज, तालुक्याला दुसरीची. एकीचे कॉल स्वस्त, दुसरीचे मेसेज फुकट. लोक सिम काढत-घालत फोनची मागची झाकणं झिजवत होते. नोकियाला हे दिसत नव्हतं असं नाही, पण तिचे पहिले दोन सिमचे फोन जाहीर व्हायला २०१० चा जून उजाडला. तोवर हा बाजार मायक्रोमॅक्स आणि तिच्या देशी भावंडांनी बळकावला होता. माझ्या मते या धंद्यातली खरी बुद्धी एवढीच: समोरच्याची नेमकी अडचण सगळ्यांच्या आधी ओळखणं. बाकी यंत्र काय, ते तर विकत मिळतं.

ते विकत मिळतं म्हणजे कसं, हे मात्र जरा पाहायला हवं. तैवानची मीडियाटेक नुसती चिप विकत नसे. त्या चिपभोवती फोन कसा बांधायचा याचा आराखडाही सोबत देत असे. बाजारातून कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट आणावं, तसं. रस्सा कोणालाही जमतो. शेनझेनमधल्या कारखान्यांत मॉडेल पसंत करायचं, त्यावर आपलं नाव छापायचं, काही महिन्यांत माल भारतात. म्हणून तर मायक्रोमॅक्सकडे टीव्हीच्या रिमोटसारखा चालणारा फोनही होता आणि खडे जडवलेला बायकांसाठीचाही. वितरकांना उधारी नाही, पैसे आधी मोजायचे, बदल्यात मार्जिन घसघशीत. मग ‘कॅनव्हास’ मालिका आली, २०१३ मध्ये जाहिरातीत ह्यू जॅकमन झळकला आणि २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिस या संस्थेने जाहीर केलं की भारतात स्मार्टफोन विकण्यात मायक्रोमॅक्स पहिली: बाजाराचा २२ टक्के वाटा तिचा, सॅमसंगचा २०. सॅमसंगने दुसऱ्या संस्थेचे आकडे पुढे करून ते अमान्य केलं. तसं ते करणारच.

पण मसाल्याचं पाकीट शेजाऱ्यालाही मिळतं. त्याच वर्षी जुलैमध्ये शाओमी फ्लिपकार्टवर उतरली. दुकान नाही, वितरक नाही, जाहिरातही जवळजवळ नाही. मायक्रोमॅक्स ज्या कारखान्यांतून माल आणत होती त्यांच्या अंगणातलीच ही कंपनी, आणि मधले दलाल गाळून तिने ५,९९९ रुपयांत रेडमी वन-एस दिला. ‘हार्डवेअरच्या धंद्यात निव्वळ नफा पाच टक्क्यांवर जाऊ देणार नाही’ असं तिचे संस्थापक लेई जुन यांनी २०१८ मध्ये उघड सांगितलं, कारण फोन विकून झाल्यावर त्यातल्या जाहिराती आणि सेवांतून पैसा येतच राहतो. मायक्रोमॅक्सची कमाई मात्र फोन काउंटरवरून उतरला की संपली.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. जिओ फक्त ४-जीवर चालणारं, आणि देशी कंपन्यांची गोदामं ३-जी फोनांनी भरलेली. मायक्रोमॅक्सकडे ४-जी नव्हतंच असं नाही. ‘यू’ या वेगळ्या ब्रँडखाली होतं. पण घरात छत्री असून अंगणात भिजावं, तशातली गत. दोन महिन्यांत नोटाबंदी झाली आणि रोखीवर चालणारी वितरणाची साखळी गारठली. काउंटर रिकामे दिसताच विवो आणि ओप्पो त्यावर चढून बसल्या. तालुक्याच्या गावातल्या पाट्या बघता बघता निळ्या आणि हिरव्या झाल्या. विवोने तर आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रायोजकत्वासाठी २,१९९ कोटी रुपये कबूल केले. एवढ्या पैशांपुढे अडचण ओळखण्याची हुशारी काय करणार?

आणि ही हुशारी एकदाच पुरते, हेही खरं. लाइट आली, सिमचे दर सारखे झाले, तशा जुन्या अडचणीही संपल्या. नवी अडचण काय आहे ते मायक्रोमॅक्सला सापडलं नाही. गलवाननंतरच्या चीनविरोधी वातावरणात, नोव्हेंबर २०२० मध्ये, तिने ‘इन’ नावाची मालिका आणली. देशप्रेमाची हाक जोरात होती, पण शेजारी ठेवलेल्या रेडमीशी बरोबरी करताना गिऱ्हाइकाने खिशाचंच ऐकलं. मला यात नवल वाटलं नाही; स्वदेशीचा आग्रह आपण कपड्यांत फार फार तर धरू, रॅममध्ये नाही.

शाओमीचंही पुढे तेच झालं म्हणा. २०१७ च्या शेवटी तिने सॅमसंगला मागे टाकलं, २०२२ च्या अखेरीस सॅमसंगने तिला गाठलं, आणि २०२४ पासून पहिल्या नंबरवर विवो आहे, तीच काउंटरवाली. आता मेमरीच्या महागाईत स्वस्त फोनांच्या या रांगेतून कोण गळतं, ते येत्या दिवाळीपर्यंत दिसेल. माझा अंदाज, ज्यांच्याकडे फोन सोडून विकायला दुसरं काही नाही ते.

मायक्रोमॅक्स मात्र या रांगेत नाही. तिची भगवती प्रॉडक्ट्स ही कंपनी दुसऱ्या ब्रँडचे फोन जोडून देते. आणि २०२४ मध्ये तिने तैवानच्या फायसनबरोबर ‘माय-फाय’ नावाची भागीदारी केली. तिथे फोन बनत नाहीत. डेटा साठवण्याची मॉड्यूल बनतात; रॅम नव्हे, पण मेमरीच्याच कुळातली, एआयवाल्यांना लागणारी.