नकाशा आणि कुरवंजी

१८०८ साली विल्यम लॅम्ब्टन यांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील सुमारे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट यंत्र तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढविताना दोर तुटून आदळले व बिघडले. कोरोमंडल किनाऱ्यालगतच्या सपाट कावेरी प्रदेशात टेकड्यांचे काम मंदिरशिखरांकडूनच घ्यावे लागे. त्याच तंजावरात दुसरे सरफोजी राजे यांनी मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' रचली. तमिळ कुरवंजीत भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री आपल्या पर्वतप्रदेशाचे वर्णन करते. येथे ती जगाचा भूगोल गाते. नकाशात सांगणारा लुप्त होतो. कुरवंजीत तो स्त्रीकंठाने बोलतो. म्हणूनच या कृतीस पाश्चात्त्य ज्ञानाचा केवळ अनुवाद मानणे अपुरे ठरते. तमिळ रूपबंधाच्या आधारे नव्या भूगोलाला येथे मराठी वाणी लाभली आहे.