धावणे : शरीरासाठी आणि मनासाठीही

पहाटे पाचच्या सुमारास तुमसर, साकोली किंवा पवनीच्या रस्त्याने जाण्याचा प्रसंग आला, तर एक दृश्य हमखास दिसते. गावोगावची मुले-मुली रस्त्याच्या कडेने धावत असतात. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते. पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांच्या १६०० मीटर आणि मुलींच्या ८०० मीटर धावण्याला २० गुण असतात. एकेका सेकंदासाठी ही मुले जिवाचे रान करतात ते उगीच नव्हे.

दवाखान्यात मात्र मला दोन वेगळ्याच तऱ्हेचे लोक भेटतात. एक म्हणजे भरतीत दोन-तीनदा हुकलेला तरुण. वयाची मर्यादा ओलांडली, त्याच दिवशी बूट कोपऱ्यात फेकले. आता झोप लागत नाही, छातीत धडधडते, कशातच मन लागत नाही. दुसरा पंचेचाळिशीचा कारकून किंवा दुकानदार. पोट सुटलेले, रक्तदाब वाढलेला. ‘डॉक्टरसाहेब, टेन्शन फार आहे, झोपेची गोळी लिहून द्या’ हे त्याचे पालुपद. या दोघांनाही तपासून झाल्यावर माझा सल्ला बहुधा एकच असतो. धावायला लागा; पण कुणाला हरवायला नव्हे.

ताणाचा आणि पायांचा संबंध काय?

संकट दिसले की आपल्या मूत्रपिंडावरील ग्रंथी अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात सोडतात. हृदय जोराने धडधडते, रक्तदाब वाढतो, रक्तातील साखर वाढते, स्नायू ताठ होतात. ही सारी तयारी पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी असते. वाघ दिसल्यावर ती उपयोगी पडते. पण आजचे वाघ म्हणजे बँकेचा हप्ता, साहेबाचे बोलणे आणि मुलांचा निकाल. शरीर पळायला सज्ज होते आणि माणूस खुर्चीत बसून राहतो. असे रोज घडले की त्याची किंमत हृदयाला आणि झोपेला मोजावी लागते.

धावल्याने ही तयारी योग्य कामी लागते. नियमित धावणाऱ्याच्या हृदयाचे विश्रांतीच्या वेळचे ठोके कमी होतात, झोप गाढ लागते. धावताना शरीर स्वतःच काही रसायने तयार करते. त्यामुळे मन हलके होते आणि वेदना कमी जाणवतात.

त्यासाठी मैलोगणती धावण्याची गरज नाही. अमेरिकेत सुमारे ५५ हजार लोकांवर सरासरी १५ वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. रोज पाच-दहा मिनिटे, तीही सावकाश धावणाऱ्यांमध्येसुद्धा हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. धावल्याने गुडघे झिजतात, ही भीतीही बव्हंशी निराधार आहे. हौसेने, बेताने धावणाऱ्यांमध्ये सांधेझीज बैठे काम करणाऱ्यांपेक्षा कमीच आढळते.

‘आम्ही दिवसभर रोवणी करतो, वेगळे धावायचे कशाला?’ असे शेतकरी बंधू-भगिनी विचारतात. त्यांचे बरोबर आहे. धानाच्या बांधीत राबणाऱ्याला त्या दिवसांत वेगळ्या व्यायामाची गरज नाही. पण शेतीचे काम संपले की महिनोन्महिने बसून काढणाऱ्यांना आणि शेतीपासून दूर गेलेल्या त्यांच्या मुलांना ती नक्कीच आहे.

सुरुवात कशी करावी?

पहिल्याच दिवशी जोर लावू नये. आठवड्यातून तीन-चार दिवस, एक दिवसाआड धावावे. आधी पाच मिनिटे भरभर चालावे. मग एक मिनिट सावकाश धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे सात-आठ वेळा करावे. दर आठवड्याला धावणे थोडे वाढवावे आणि चालणे कमी करावे. दोन-अडीच महिन्यांत सलग वीस मिनिटे धावता येऊ लागते. वेग किती असावा? शेजारच्या माणसाशी बोलता आले पाहिजे. धाप लागून बोलणे तुटत असेल तर वेग कमी करावा. बूट महागडे नकोत, पण पायाला नीट बसणारे आणि तळ न झिजलेले असावेत.

कुणी जपावे?

चाळिशी ओलांडलेल्या आणि आजवर व्यायाम न केलेल्या व्यक्तींनी, रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच घरात कुणी तरुण वयात अचानक दगावले असल्यास, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मधुमेहाच्या औषधावर असलेल्यांनी खिशात साखर ठेवावी. तापात आणि ताप उतरल्यावर लगेच धावू नये. धावताना छातीत दुखले, भोवळ आली, तर तेथेच थांबावे. भरतीच्या आधी दुखण्याच्या गोळ्या किंवा ‘ताकदीची’ इंजेक्शने घेण्याचे खूळ काही मुलांत दिसते. अंगात पाणी कमी असताना दुखण्याची गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकते. इंजेक्शनाचा धोका तर जिवाशी खेळ आहे.

आपल्या जिल्ह्यातील दोन विशेष गोष्टी

पहिली उन्हाची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवार दगावले होते. पुढे हे अंतर कमी करण्यात आले. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. म्हणून उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधीच धावणे आटोपावे आणि पाणी पिऊन निघावे. धावता धावता कुणी बरळू लागला किंवा कोसळला तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे काम करत नाही.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. पूर्व विदर्भात सिकलसेलचे वाहक पुष्कळ आहेत. वाहक म्हणजे रोगी नव्हे. त्याने अवश्य धावावे. अमेरिकन सैनिकांवरील २०१६ सालच्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. मात्र अतिश्रमाने स्नायू फुटण्याचा धोका सुमारे दीडपट होता. म्हणून वाहकाने सराव हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर प्यावे आणि पाय कमालीचे गळून गेल्यास ‘अजून एक फेरी’ मारू नये. लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. प्रत्यक्ष सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोरात धावू नये. भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ही रक्ततपासणी एकदा सरकारी रुग्णालयात करून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आणि रस्त्याविषयी. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात काटली गावाजवळ पहाटे रस्त्यावर व्यायामाला गेलेल्या मुलांना ट्रकने चिरडले. चार मुले गेली. हमरस्त्यावर अंधारात धावू नका. शाळेचे मैदान, कालव्याची पाळ, पांदण रस्ता यांतले काहीतरी प्रत्येक गावात असतेच. रस्त्यानेच जावे लागले तर पांढरा सदरा घालावा, वाहने समोरून येतील अशा बाजूने धावावे आणि कानात गाणी लावू नयेत.

शेवटी त्या पहिल्या तरुणाविषयी. धावणे औषधाला पूरक आहे, पर्याय नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटावे किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. त्यात कमीपणा नाही. आणि ज्या पालकांची मुले भरतीत हुकली आहेत, त्यांना एक विनंती. ‘आता कशाला धावतोस?’ असे त्यांना विचारू नका. नोकरी मिळाली नाही, तरी इतक्या वर्षांच्या सरावाने कमावलेले हृदय आणि फुप्फुसे त्यांच्याजवळच आहेत. तो सराव सोडू नये. जमल्यास उद्या पहाटे तुम्हीही त्यांच्याबरोबर निघा.