पहिल्या धारेची

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जिल्हा पानांवर एक बातमी वर्षभर फिरून फिरून येते: अमुक गावाजवळच्या नाल्याकाठी पोलिसांनी इतके लिटर मोहसडवा (दारूसाठी आंबवलेली मोहफुले) नष्ट केला. अलीकडे तिच्या जोडीला दुसऱ्या तऱ्हेची बातमीही दिसू लागली आहे. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्य ठरवणारे धोरण आणले, गोव्यात ती देखण्या बाटलीत भरून विकली जाते, आणि तिच्या शुद्ध, नैसर्गिक, औषधी गुणांवर रकाने भरले जातात. चंद्रपूर जिल्ह्यातले वरोरा या दोन्ही बातम्यांच्या मधोमध बसले आहे. उत्तरेला वर्धा जिल्ह्याची हद्द, तिथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तिथे दुकाने उघडी. पूर्वेला चिमूर, ब्रह्मपुरी करत वैनगंगेपलीकडे गेले की गडचिरोली, तिथे १९९३ पासून बंदी. खुद्द चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा असा दर पन्नास मैलांवर आणि दर काही वर्षांनी बदलत असताना मोहाचे झाड दर चैत्रात तेच फूल गाळत राहिले. या साऱ्या गदारोळात एक प्रश्न मात्र कोणी धसास लावत नाही. मोहाच्या दारूची म्हणून जी खासियत सांगितली जाते, ती दारूत खरोखर उतरते का? माझे म्हणणे असे की फारच थोडी उतरते. खासियत फुलात असते, आणि भट्टी तिचा मोठा भाग भांड्याच्या तळाशीच ठेवते.

हे पटण्यासाठी मोहाला व्हिस्कीशेजारी न ठेवता इंग्लंडातल्या एका हिवाळी पेयाशेजारी ठेवून पाहावे. बार्लीवाइन हे त्याचे नाव. नावात वाइन असली तरी द्राक्षाचा त्यात थेंब नसतो. ती सातूची, म्हणजे बार्लीची, अत्यंत दाट बिअर. साध्या बिअरमध्ये चार-पाच टक्के अल्कोहोल असते, हिच्यात आठ ते बारा. बर्टन गावच्या बास कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या सर्वांत कडक बिअरवर हे नाव छापले, पण पद्धत त्याहून कितीतरी जुनी आहे. सातूच्या दाण्यात साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च पचत नाही. म्हणून दाणा भिजवून मोड आणायचे. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून लेकरांसाठी पेज करतात तिला जो गोडवा येतो, तोच हा. मोड येताना दाणा स्वतःच स्टार्च तोडणारी विकरे तयार करतो. पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये मोडाच्या सातूतूनच असे विकर प्रथम वेगळे केले. विकरांच्या साऱ्या विज्ञानाची सुरुवात या मोडातून झाली, ही गोष्ट मला फार आवडते. मग मोडाचे दाणे भट्टीत वाळवतात, भरडतात आणि गरम पाण्यात मुरवतात. तळाची तोटी उघडली की पहिल्यांदा जो रस येतो तो मधासारखा दाट असतो. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी ओतले की दुसरा रस पातळ येतो, तिसरा त्याहून पातळ. पूर्वी एकाच सातूच्या पहिल्या रसाची कडक बिअर व्हायची आणि शेवटच्या रसाची घरातल्या मुलामाणसांनी पाण्याऐवजी प्यायची. म्हणजे बार्लीवाइन ही शब्दशः पहिल्या धारेची.

हा शब्द वापरला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हातभट्टी येते, आणि घोळ नेमका इथे आहे. दोन्हीकडे पहिली धार मोलाची असली तरी तिच्यात काय वाहते ते अगदी निराळे. बार्लीवाइनच्या पहिल्या धारेत सातूतले जे जे विरघळण्याजोगे आहे ते सगळे येते: साखर, अमिनो आम्ले, भाजणीचा रंग, भाजणीचा वास. पुढे त्यात यीस्ट पडते, गार जागी संथ आंबवण होते आणि ते पेय थंडी येईपर्यंत मुरत पडते. त्यात भर पडते, वजाबाकी जवळजवळ होत नाही. हातभट्टीची पहिली धार ही मात्र वाफेची धार. सडवा तापला की पाण्याआधी जे उडते तेच नळीतून येते. त्यामुळे पहिली धार कडक असते आणि काडी लावली की निळ्या ज्योतीने जळते. ती ज्योत फक्त एवढेच सांगते की यात अल्कोहोल भरपूर आहे. चवीबद्दल ती काही सांगत नाही, आणि सुरक्षिततेबद्दल तर मुळीच नाही, कारण विषारी मिथेनॉलही निळ्याच ज्योतीने जळते.

आता फुलाकडे. मोहाचे फूल वटवाघळांसाठी घडलेले आहे. रात्री उमलायचे, फिकट पिवळसर दिसायचे, उग्र दरवळायचे आणि खाणाऱ्याला गोड मांसल घास द्यायचा, हा त्याचा सौदा. पहाटे झाडाखाली टप टप पडतो तो पाकळ्यांचा जोडलेला गोळा. एक हातात घेऊन पाहावा: बोटाच्या पेराएवढा, फुगीर, रसाने तट्ट, आणि बुडाशी एक गोल भोक. त्या भोकातून स्त्रीकेसर निसटून झाडावरच राहिलेला असतो. म्हणून पडलेली सगळी फुले वेचली तरी फळ धरायचे थांबत नाही, आणि तेलाची बी पुढे मिळतेच. निसर्गात इतके निर्वेध पीक क्वचितच सापडेल. फूल उन्हात वाळले की तांबूस, चिकट, मनुकेसारखे होते, आणि त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. सातूला जो मोडांचा खटाटोप करावा लागतो तो इथे झाडाने आधीच उरकलेला आहे. शंभर ग्रॅम ग्लुकोजचे जास्तीत जास्त ५१ ग्रॅम अल्कोहोल होते, उरलेले वायू होऊन जाते. हा हिशेब गे-ल्यूसॅकने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मांडला. त्या हिशेबाने किलोभर वाळल्या फुलांत सहाशे ग्रॅम साखर धरली तर कागदावर ३०० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल निघते. गरिबाच्या अंगणातला हा साखर कारखाना आहे, आणि दारूचा मोह तिथूनच सुरू होतो.

पण मोहात एक गोष्ट कमी पडते, ती म्हणजे नायट्रोजन. यीस्टला साखर म्हणजे इंधन, वाढायला मात्र नायट्रोजन लागतो. सातूच्या रसात अमिनो आम्लांच्या रूपाने तो मुबलक असतो. फुलात बेताचा, आणि सडव्यात भर म्हणून घालतात त्या काळ्या गुळात तर फारच थोडा. सडव्यात नवसागर टाकण्याचा रिवाज यातून कळतो: नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि अमोनियम यीस्टच्या खाण्यात येते. नवसागराने दारू ‘चढते’ ही समजूत चुकीची आहे. फार तर अडलेली आंबवण पुढे सरकते, आणि प्रमाण वाढले तर यीस्टच दबते. युरिया टाकणे त्याहून वाईट, कारण युरिया आणि अल्कोहोल तापवताना एथिल कार्बामेट बनते आणि ते संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत आहे. ऋतूचाही हात असतो. वैशाखात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा सडवा भराभर फसफसतो, पण तापलेले यीस्ट जड अल्कोहोले जास्त बनवते. पौषातल्या थंडीत तोच सडवा हळू चालतो आणि निवळ उतरतो. बार्लीवाइनवाले गारव्याची वाट पाहतात ती याच कारणाने.

वासाचा भाग यापुढचा, आणि या विषयातला तो सर्वांत रमवणारा. मोहाच्या फुलाला उंदरासारखा वास येतो अशी तक्रार नव्या माणसाकडून नेहमी ऐकू येते, तर जंगलातल्या माणसाला तोच वास शिजत्या भातासारखा गोड वाटतो. दोघेही खरे बोलत आहेत. पुणे विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मोहफुलांत २-ॲसिटिल-१-पायरोलिन नावाचा रेणू दाखवून दिला आणि झाड तो कसा बनवते याचा माग काढला. हाच रेणू बासमतीचा आणि आपल्या आंबेमोहोराचा घमघमाट. हाच ताज्या पावाच्या खरपूस कडेत आणि मक्याच्या लाहीत असतो. म्हणजे बार्लीवाइन चाखणारे ज्या ‘भाजलेल्या पावाच्या’ वासाचे कौतुक करतात त्या वासाशी याचे सख्खे नाते. आणि वाइन बिघडून तिला ‘उंदराचा’ वास मारतो तेव्हा त्या दोषाच्या रेणूंतही हा असतो. हा दोष निर्माण करणाऱ्यांपैकी एक म्हणजे ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या क्लाउसनने १९०४ मध्ये ते इंग्लंडच्या मुरवलेल्या कडक बिअरमध्येच ओळखले होते. तांदूळ, पाव, उंदीर, मोह: एकच रेणू, आणि मात्रेप्रमाणे व सोबतीप्रमाणे आपले नाक त्याला निराळे नाव देते.

या रेणूचे आणखी एक घर ताडोबात आहे, आणि ते दाखवणारा माणूस आपण जवळजवळ विसरलो आहोत. वाघ झाडाच्या बुंध्यावर जो फवारा मारून हद्द आखतो त्याला सुवासिक भातासारखा वास येतो, हे जंगलात फिरणाऱ्यांना ठाऊक असते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले रतनलाल ब्रह्मचारी यांनी त्या वासाचा पिच्छा पुरवला. सत्येंद्रनाथ बोसांचा हा विद्यार्थी मुळात भौतिकशास्त्राचा, पुढे जीवशास्त्राकडे वळलेला. सिमलीपालच्या ‘खैरी’ या माणसाळलेल्या वाघिणीचा फवारा गोळा करून त्यांनी कामाला सुरुवात केली, आणि पुढे सहकाऱ्यांसह त्यात हाच भाताचा रेणू असल्याचे दाखवले. मोहाच्या फुलाशी त्याचे साधर्म्यही त्यांनी हेरले होते. व्याघ्रप्रकल्पाच्या माहितीपत्रकांत हे नाव सापडत नाही, याचे वाईट वाटते. वरोऱ्याहून ताडोबाकडे निघालेल्या पर्यटकाला चैत्रात मोहाखालून जाताना जो वास येतो त्याची ओळख त्यांनी करून दिली आहे.

आता मूळ प्रश्न. हा वास दारूत उतरतो का? पायरोलिनचा हा रेणू अल्कधर्मी, आणि सडवा आंबट. आम्लात असे रेणू बांधले जातात आणि वाफेबरोबर सहज निघत नाहीत. वाइनमधला उंदीरवास ग्लासात न येता घोट तोंडात फिरल्यावर येतो तोही यामुळेच, कारण लाळेने आंबटपणा उतरला की रेणू सुटतो.  धारेत फुलाची ओळख पटवणारे काही हलके एस्टर येतात हे मान्य, आणि जाणकार त्यावरून मोहाची आणि गुळाची दारू वेगळी ओळखतो. पण साखर, लोह, कॅल्शियम, फुलाचा रंग यांतले काहीच वाफ होत नाही. मोहफूल पौष्टिक आहे म्हणून त्याची दारू पौष्टिक, हा युक्तिवाद ऊर्ध्वपातनाची पहिली पायरीही ओलांडू शकत नाही. ‘नैसर्गिक असल्याने त्रास होत नाही’ हा दावाही तसाच. अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड माणसाच्या यकृतात होते, आणि अल्कोहोल मोहाचे की मळीचे हे यकृताला कळायला मार्ग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मद्यांना १९८८ मध्येच पहिल्या गटाच्या कर्करोगकारकांत टाकले आहे. त्यात गावठी-विलायती असा भेद नाही.

यावर उलट बाजूने आक्षेप येईल की मग ‘मोहाची दारू विषारी, लोक आंधळे होतात’ हे पोलिसी म्हणणेच बरोबर. तेही नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे दगावली ती मिथेनॉलने, आणि एवढे मिथेनॉल आंबवणीत तयार होत नाही. ते कारखान्यातून चोरून आणून मिसळलेले असते. पहिली धार ओतून दिली की मिथेनॉल जाते ही समजूतही खोटी, कारण पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणातून ते धारभर थोडे थोडे येतच राहते. फुलाच्या दारूतला खरा धोका अल्कोहोलचाच, आणि त्याचे प्रमाण किती हे पिणाऱ्याला माहीत नसण्याचा. गडचिरोलीतल्या बाया बंदीसाठी उठल्या त्या घरात रोज भोगलेल्या अनुभवावरून, आणि त्या अनुभवाला रसायनशास्त्राने दुजोराच दिलेला आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: गोंड-माडियांच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत मोहाची धार देवाला वाहिली जाते, तिचे काय? तिला कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही, आणि तो विधी कुणाच्या बाटलीची जाहिरातही होऊ नये. प्रश्न आहे तो फुलाची किंमत अल्कोहोलमध्येच मोजण्याच्या सवयीचा.

२०२१ मध्ये राज्याने मोहफुले वेचणे, साठवणे, नेणे यांवरचे निर्बंध सैल केले. त्याआधी घरात चार पोती फूल असले तरी बाईला जाब द्यावा लागे. आता जाळीवर पडलेले, मातीला न लागलेले, नीट वाळवलेले फूल खाद्य म्हणून विकता येते: लाडूत, भाकरीत, मनुकांच्या जागी. त्यासाठी पैसा हवा तो वाळवणीच्या जाळ्यांना, पावसाळ्यात ओल न धरणाऱ्या साठवणीला आणि वासाचा रेणू किती महिने टिकतो याच्या अभ्यासाला. बार्लीवाइन इतकी वर्षे टिकली, कारण सातूतले जे आहे ते ग्लासात राहावे याची काळजी करणारे लोक होते. मोहाच्या बाबतीत ते ‘जे आहे’ अजूनही भट्टी विझल्यावर भांडे कलंडताना दिसते: तपकिरी, कोमट, भाताच्या पेजेसारखा दरवळ असलेला फुलांचा चोथा, जो शेवटी जनावरांपुढे जातो.