नाथ पैंचं अडलेलं विधेयक

आज १८ जानेवारी, बॅ. नाथ पैंची पुण्यतिथी. मालवणच्या बॅ. नाथ पै सेवांगणापासून वेंगुर्ल्यापर्यंत तसबिरींना हार पडतील, चिपी विमानतळाला द्यायच्या नावाची आठवण कुणीतरी करून देईल आणि 'असा वक्ता पुन्हा होणे नाही' हे वाक्य ठरल्याप्रमाणे उच्चारलं जाईल. खोटं नाहीच ते. 'भाषणान पोट भरता काय?' असं तोंडावर विचारणाऱ्या माणसांनी या बॅरिस्टरांना १९५७पासून सलग तीनदा राजापुरातून लोकसभेत पाठवलं. प्रजा समाजवादी पक्षाकडे पैसा होता कुठे? गॅसबत्तीच्या उजेडातल्या सभा, एवढंच भांडवल.

पण या वक्तृत्वाची खरी कसोटी बघायची तर त्यांचं न जमलेलं काम, एक अडलेलं विधेयक, बघावं. त्याबद्दल कार्यक्रमांत फारसं कुणी बोलत नाही.

जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाची पाचशेहून अधिक एकर जमीन कमाल धारणेच्या कायद्यात सापडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मूलभूत हक्कांचा संकोच करणारा कायदा करता येणार नाही, असं घटनेचं कलम १३ सांगतं. घटनादुरुस्ती हाही कायदाच, तेव्हा तिलाही हे बंधन लागू, असा निकाल २७ फेब्रुवारी १९६७ला लागला. अकरापैकी सहा न्यायमूर्ती एका बाजूला, पाच दुसऱ्या. घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक आणलं.

बेचाळीसच्या लढ्यात तुरुंग भोगलेला, गोवामुक्तीसाठी झटलेला, साठ सालच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपात पुढे असलेला हा माणूस हक्कांना कात्री लावण्याची मुभा संसदेला का देत होता? कुळकायद्याच्या मुलखातल्या खासदाराचं उत्तर समजण्यासारखं आहे: मालमत्तेचा हक्कही तेव्हा मूलभूतच होता, आणि त्याच्या आडून जमीनदार सुटत होते. सार्वभौम कोण, लोक की न्यायाधीश, असा त्यांचा रोख. मुद्दा बिनतोड वाटतो. मला मात्र तो अजूनही पुरता पटत नाही. उद्याचं बहुमत कुणाच्या हातात असेल याची हमी नाथ पैंची सज्जनता कशी देणार?

सभागृहालाही तो पुरता पटला नाही. स्वतंत्र पक्षाचा विरोध होताच. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, रखडलं, आणि डिसेंबर १९७०मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर संपलं. पुढच्याच महिन्यात, १७ जानेवारीला, दुखणाऱ्या हृदयानिशी नाथ पै बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत बोलले आणि १८ला गेले. वय अवघं ४८.

त्यांना हवं होतं ते इंदिरा गांधींच्या बहुमतानं १९७१च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीनं करून टाकलं. तिथं वक्तृत्वाची गरजच पडली नाही. १९७३मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयानं संसदेचा अधिकार मान्य केला, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावायचा नाही, ही अट घालून. नाथ पै निम्मे जिंकले म्हणायचे. मग आणीबाणी आली, आणि २६ जून १९७५ला त्यांच्याच मतदारसंघाचे नवे खासदार मधू दंडवते बंगळूरमध्ये पकडले गेले. विरोधक असे गजाआड असतानाच १९७६मध्ये संसदेच्या या अधिकाराला मर्यादाच नाही असं सांगणारी बेचाळिसावी दुरुस्ती मंजूर झाली.

नाथ पैंच्या नावानं आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धा होतात. मुलं त्यांचं चरित्र पाठ करून येतात, बक्षिसं घेऊन जातात. पुढच्या वेळी आयोजकांनी एकच विषय द्यावा: नाथ पैंच्या विधेयकाविरुद्ध बोला. परीक्षकांची जरा पंचाईत होईल, होऊ दे.